आप्पांचा गाळ

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या मुलखात जेवढा म्हणून गाळ आहे, नदीतला, ओढ्यातला, विहिरीतला, गटारातला, त्या एकूण एक गाळाशी घरोबा असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या दारासमोर राहतो. लोकांना कबुतरांचा नाद असतो, कुणी जुनी नाणी जमवतं, कुणाला कुस्त्यांचं वेड. आमच्या समोरचे आप्पा गाळ जमवतात. गाळ म्हणजे खराखुरा, ओला, वास मारणारा गाळ, आणि त्याहून जास्त 'गाळ' हा शब्द. हा शब्द आला कुठून, आधी कुणाच्या तोंडात होता, पलीकडच्या गावात त्याला काय म्हणतात, एवढ्या एका चौकशीपायी या गृहस्थानं अर्धा जन्म घालवला. वडगावातल्या आमच्या विणकर गल्लीत स्वतःचे चार यंत्रमाग, दोन मुली चांगल्या घरी पडलेल्या, आक्कांसारखी बायको; एखाद्यानं सुखानं सुपारी कातरत बसावं. पण नाही. त्या शब्दापायी एका रविवारी भर दुपारी त्यांनी माझ्या हातात दोर दिला आणि दुसऱ्या टोकाला स्वतःचा जीव बांधला. बांधला तोही भलत्याच गाठीनं. ती दुपार आठवली की अजून माझ्या तळहातांना घाम सुटतो.

आप्पांच्या सोप्यात खिडकीखालच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या आहेत. एकीतही लोणचं नाही. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव, जागा, आणि तिथल्या माणसानं त्या गाळाला जे नाव दिलं ते नाव. हिंडलग्याच्या ओढ्यातली राड, बेळगुंदीच्या भातशेतातला रेंदा, सदलग्याच्या दूधगंगेकाठची मळी. "माझं लोणचं प्लास्टिकच्या पिशवीत आणि ह्यांचा चिखल चिनी मातीच्या बरणीत," असं आक्का येईल त्याला सांगतात. एकदा थोरल्या मुलीचे सासरे निपाणीहून आले होते. जेवायला अवकाश होता, भूक लागलेली, बरणीत काळंभोर काहीतरी दिसलं. कारळ्याची चटणी समजून त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. आक्कांनी तोंडाला पदर लावला. आप्पा मात्र कानावरची पेन्सिल काढून पुढं सरसावले आणि म्हणाले, "थुकू नकासा पाव्हणं! आधी सांगा, करकरीत लागतंय का मऊ?" व्याही त्यानंतर दोन वर्षं आमच्या गल्लीत पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

चहाचा शेवटचा घोट आप्पा कधीही घेत नाहीत. कप वाकडा करून तळाशी बसलेली भुकटी बशीत उतरवतात आणि तिच्याकडं नातवाकडं बघावं तसं बघत बसतात. "तुपाची बेरी, तेलाचं कीट, चहाचा चोथा, काढ्याचा साका. तळाला बसंल त्या दर एक घाणीला येगळं नाव ठेवलंय बघ आपल्या माणसांनी. किती सवड आसंल त्येंस्नी!" सवड असेल नाहीतर काय. समोरच्याला मात्र तेवढी सवड नसते, हे त्यांच्या गावीही नसतं. बसथांब्यावर, दवाखान्यात, मयताच्या पाठीमागं चालताना, अनोळखी माणूस दिसला की आप्पा त्याचं गाव विचारणार, आणि गाव कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुमच्यात गाळाला काय म्हंत्यात?" दूधगंगेला मोठा पूर येऊन ओसरला तेव्हा धाकट्या बहिणीला धीर द्यायला म्हणून सदलग्याला गेले. तिच्या घरात भिंतीवर कमरेएवढी रेघ, घरभर गाळ, ती बिचारी केरसुणी घेऊन रडवेली उभी. आप्पा दारातच वाकले, चिमूट उचलली, बोटांत चोळली आणि विचारलं, "ह्येला हितं काय म्हंत्यात गं?" बहिणीनं केरसुणी फेकून मारली. पण त्यानंतर हाच माणूस पाच दिवस तिथं राहिला आणि बुट्ट्या भरभरून सगळं घर एकट्यानं उपसलं. निघताना बहिणीनं भाकरीच्या गाठोड्याबरोबर दुसऱ्या एका फडक्यात मळीचा गोळा बांधून दिला. तोच फळीवरच्या सदलग्याच्या बरणीत आहे.

मी हिंडलग्याला शाळेत मराठी शिकवतो, हा माझा गुन्हा. त्या गुन्ह्याची शिक्षा मला रोज सकाळी बसथांब्यावर होते. "मास्तर, तू मराठीचा न्हवं? मग सांग. गाळल्यावर खाली जे पडतंय ते निवळ पाणी. वर फडक्यात ऱ्हाती ती घाण. मग गाळ ह्ये नाव पाण्याला पायजे हुतं. घाणीला कुणी दिलं?" मी घड्याळाकडं बघत म्हणायचं, "आप्पा, कोशात गळणे, गाळणे यांवरून आलाय असं दिलंय." "दिलंय व्हय! पर कुणाच्या घरातनं आला ते दिलंय का?" मग सुरू. "घाम गाळत्यात, आसवं गाळत्यात, बाजारात दुकानाचा गाळा आसतोय, तू पोरास्नी गाळलेल्या जागा भरा म्हंतोस. येवढंसं पोरगं हाय ह्यो शब्द, आणि कुटं कुटं हिंडतंय बघ. आणि ह्येचं मूळ गाव कुणाला ठावं न्हाय म्हंजे काय!" सुताच्या दुकानातल्या कन्नड मालकानं त्यांना एकदा सांगितलं की त्यांच्यात गाळाला हूळु म्हणतात आणि पुरण्यालाही तोच शब्द. झालं. आप्पांना महिनाभर झोप नाही. "त्येंनी मातीत पुरलं, आपण फडक्यातनं गाळलं. आता आधी कोण?"

त्यांचं स्वतःचं मत मात्र ठाम होतं. हातमागाच्या काळात सुताला लावायची खळ शिजवून फडक्यातून गाळायची, ते काम लहानपणी आप्पांकडं. फडक्यात जे राहायचं ते उंबऱ्याबाहेर टाकताना त्यांचा बाप म्हणायचा, गाळ टाकून ये. तेव्हा हा शब्द नदीतून आलेला नाही, विणकराच्या फडक्यातून आलेला आहे, आणि नंतर नदीनं तो उचलला, असा आप्पांचा सिद्धांत. पुरावा? पुरावा आमच्या गल्लीच्या विहिरीत. आप्पांच्या आज्यानं त्यांना सांगितलेलं होतं की विहिरीच्या अगदी तळाला, पूर्वेच्या अंगाला एक कोरलेला दगड आहे. ज्या विणकरांनी ही विहीर पहिल्यांदा उपसली त्यांनी काय उपसलं ते त्यावर लिहून ठेवलंय. आज्यानं तो लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला, पण वाचता येत नव्हतं. त्यावर 'गाळ' निघाला की शब्द विणकरांचाच, असं आप्पांचं म्हणणं. तळ पुन्हा कुणी पाहिला नाही. आप्पा रोज विहिरीवरून जाताना कठड्यावरून आत वाकून बघायचे. देवळात लोक बघतात तसे.

आणि गेल्या उन्हाळ्यात गल्लीच्या पंचांनी ठरवलं की विहिरीवर स्लॅब घालायचा. एकदा शेवटचा गाळ काढायचा, मोटार बसवायची आणि तोंड कायमचं बंद. ही बातमी मीच आप्पांना दिली. ते माग चालवत होते. सूत तुटल्याशिवाय माग बंद न करणाऱ्या या माणसानं माग बंद केला. "कायमचं?" एवढंच विचारलं.

बेळगुंदीहून परशराम नावाचा विहिरी उपसणारा आपली दोन माणसं आणि पाणी उपसायची मोटार घेऊन आला. दोन दिवस काम चाललं. आप्पा पहाटेपासून कठड्याजवळ वही घेऊन, वर येणारी प्रत्येक बुट्टी थांबवून बघणार. पितळी तांब्या निघाला, सायकलची घंटी निघाली, बांगड्यांचे तुकडे, मागाचा एक जुना धोटासुद्धा निघाला. आप्पांनी कशाला हात लावला नाही. फक्त गाळ चिमटीत घेऊन हुंगायचे. परशराम वैतागून मला म्हणाला, "मास्तर, ह्या म्हाताऱ्याचं काय हरवलंय आत?" मी म्हटलं, "एक शब्द." त्यानं माझ्याकडंही वेड्याकडं बघावं तसं बघितलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अकरा वाजता परशराम वर आला आणि पाय धूत सहज म्हणाला, "पूर्वंच्या अंगाला एक दगुड हाय बगा. हाताला खरबरीत लागतंय, कायतरी टोचा मारल्यागत. पर निम्मा गाळातच हाय." आप्पांच्या हातातली वही खाली पडली. तो दगड मोकळा कर म्हणून त्यांनी परशरामाच्या विनवण्या केल्या. पण पंच म्हणाले, पुरे झालं. गाळ निघाला तसे झरे मोकळे झाले होते, पाण्याला भलताच जोर आला होता, मोटार एक क्षण थांबली तर तळात पाणी चढत होतं. परशरामानंही मान हलवली. "मोटार बंद पडली तर खाली थांबायचं न्हाय कुणी. पाणी बघता बघता छातीला लागतंय." ठरलं असं की मंडळींनी जेवून घ्यायचं, जेवणानंतर मोटार वर काढायची, आणि दुसऱ्या दिवशी स्लॅबचं काम सुरू. परशराम आणि त्याची माणसं आमच्या मागच्या पडवीत भाकरी खायला बसली. मोटार तेवढी चालू ठेवली होती.

मी हात धुऊन जेवायला बसणार तोच आप्पा दारात. अंगात बंडी, लुंगी गुडघ्यावर खोचलेली. "मास्तर, चल. वैशाखातलं बाराचं ऊन थेट तळाला पोचतंय. आत्ता दिसंल, परत न्हाय." आप्पांचं वय एकाहत्तर. आदल्या वर्षीच त्यांच्या छातीत स्प्रिंग घातलेली, डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा बंदी केलेली. मी म्हटलं, "आप्पा, डोकं ठिकाणावर आहे का? आक्का कुठायत?" "दळपाला गेलीया गिरणीत. अर्धा तास लागतोय तिला." "मी परशरामला हाक मारतो." "मार. त्यो पंचास्नी सांगंल, पंच मला कोंडून ठेवतील. तू दोर धरणार न्हाईस तर मी बिनदोराचा उतरतो." आणि हा माणूस खरंच उतरला असता. चिडून, शिव्या पुटपुटत, स्वतःला मूर्ख म्हणत मी त्यांच्यामागं गेलो. आजही मी स्वतःला तेच म्हणतो.

आप्पांनी दोर कमरेला गुंडाळला आणि गाठ मारली. मी बघत होतो. माग चालू असताना सूत तुटतं तेव्हा आम्ही विणकर एक गाठ मारतो, इवलीशी, चपटी, मागाच्या फणीतून न अडकता निघून जाणारी. आप्पांनी ती जन्मभरात किती वेळा मारली असेल याला गणती नाही. त्यांची बोटं झोपेतही तीच मारतात. त्यांनी कमरेच्या दोराला तीच मारली. ती गाठ सुतासाठी असते. ताणात घट्ट बसते, आणि ढील मिळाली की सुटते. एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा हमालाच्या ते लगेच लक्षात आलं असतं. पण मीही विणकराचाच पोरगा. मला त्यात काही खटकलं नाही, उलट गाठ झकास बसली असं वाटलं.

भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर पाय ठेवत आप्पा उतरू लागले. मी रहाटावरून दोर सोडत होतो आणि मनात मारुतीचं नाव घेत होतो. मोटार घरघरत होती, चारी बाजूंच्या घरांतून माग खडखडत होते. ऊन खरोखरच थेट खाली पडलं होतं आणि तळातला काळा गाळ चकाकत होता. शेवटच्या दगडावरून आप्पांनी खाली पाय टाकला आणि मांडीपर्यंत आत गेले. "आप्पा!" "काय न्हाय, काय न्हाय! मास्तर, लिव्हून घे! वर पातळ राड हाय. त्येच्या खाली रेंदा. आणि त्येच्या खाली... आगा ग्गं... लोण्यागत मऊ हाय रं! ह्येला नावच न्हाय आपल्यात!" मी ओरडलो, "काय कपाळ लिहू? हातात दोर आहे माझ्या!" खालून हसण्याचा आवाज आला. मग दोन्ही हातांनी गाळ उपसल्याचा आवाज.

आणि करंट गेला.

आमच्या गल्लीत करंट गेला की ते डोळ्यांना नंतर कळतं, आधी कानांना कळतं. शेकडो माग एका दमात थांबतात. त्या क्षणी इतकी शांतता झाली की विहिरीच्या तळाशी पाणी झिरपतंय तेसुद्धा मला वर ऐकू आलं. मोटार थांबली होती. "आप्पा, करंट गेला! वर या!" "ऐकलं! दोन मिनटं! दगुड घावला रं मास्तर!" मी दोर ओढला. दोर अलगद वर आला. हलका. मी ओढत राहिलो आणि शेवटी दोराचं रिकामं, चिखलानं भरलेलं टोक माझ्या हातात आलं.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. परशराम तोंडात घास तसाच ठेवून धावत आला, त्याच्यामागं सगळी गल्ली. परशरामानं एक शब्दही वाया घालवला नाही. दोराला मोठा फास केला आणि तो घेऊन भराभर खाली उतरला. अगदी शेवटच्या दगडावर उकिडवा बसून त्यानं फास आप्पांच्या डोक्यापाशी धरला. पाणी कमरेच्या वर आलेलं. "आप्पा, दोन्ही हात वर करा. फास अंगात घाला." आप्पांचे दोन्ही हात पाण्याखाली होते. "आक्षरं हायती रं परशराम! देवाशप्पत हायती! हाताला लागत्यात! येक मिनिट!" "पाणी चढतंय की वो! मरतासा!" "मरतोय म्हंतोस व्हय! आरं, वाचतोय मी!" वरून पंच ओरडत होते, बायका रडत होत्या, कुणी फोन लावत होतं, कुणी मला विचारत होतं की मास्तर तू असून असं कसं झालं. परशरामाला खाली उडी टाकता येत नव्हती. तोही रुतला असता तर दोघं गेले असते. पाणी आप्पांच्या बंडीच्या दुसऱ्या गुंडीला लागलं. त्या गुंडीच्या आत ती स्प्रिंग होती, आणि मला दुसरं काही दिसेना.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि आक्का आल्या. कमरेवर पिठाचा डबा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या रिकाम्या दोराकडं बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं. कठड्याशी येऊन त्यांनी हाक मारली, "अहो!" खालून उत्तर आलं, "आलो, आलो." मागावर बसलेले असताना आप्पा रोज याच सुरात आलो म्हणतात आणि अर्धा तास येत नाहीत. "अहो, ऐकू येतंय का?" "आलो गं, येक आक्षर ऱ्हायलंय!" "अहो!" यावेळी आक्कांचा आवाज फुटला. पाणी छातीवर चढलेलं, आप्पा मान वर करून, डोळे मिटून, पाण्याखाली हातांनी चाचपत होते.

आक्कांनी डबा खाली ठेवला. दोन्ही हात कठड्यावर टेकले, आत वाकल्या आणि आप्पांना त्यांच्या नावानं हाक मारली.

नुसतं नाव. पुढं राव नाही, मागं अहो नाही. आमच्या गल्लीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत; घेतलं तर लग्नात एकदा, तेही उखाण्यात गुंडाळून. तो उखाणा सोडला तर सेहेचाळीस वर्षांच्या संसारात आक्कांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. आप्पांच्या छातीत कळ आली तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवर पेशंटचं नाव विचारलं, तर आक्कांनी मला पुढं ढकललं होतं, मास्तर तू सांग म्हणून. ते नाव त्यांनी त्या दिवशी भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर, पंचांसमोर, एखाद्या पोराला दटावून बोलवावं तसं घेतलं. विहिरीनं ते दोनदा परत दिलं. मी खाली बघत होतो. आप्पांनी डोळे उघडले. वर बघितलं. आणि पाण्यातून आधी एक हात बाहेर आला, मग दुसरा.

"हात वर केलं!" परशराम किंचाळला. "फास बसला! वढा! सावकाश वढा, गाळ सोडत न्हाय!" आम्ही ओढलं. गाळानं खरंच सोडलं नाही. एक हिसका दिला असता तर म्हाताऱ्याचे पाय निखळले असते, म्हणून परशराम खालून सांगेल तसं वीतवीत ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. माझ्या हातांची सालं निघाली. केव्हातरी खालून मोठा चुबकन आवाज झाला आणि भार एकदम मोकळा झाला. आप्पा वर आले ते चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर; लुंगी गाळानं ठेवून घेतली होती. त्यांना कठड्याला टेकवून बसवलं आणि करंट आला. सगळे माग पुन्हा सुरू झाले. कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं, पंच मला काय काय बोलले ते मी इथं सांगत नाही.

आक्का घरात गेल्या. कळशी आणली, आप्पांच्या पायांशी बसल्या आणि तांब्या तांब्या पाणी घालून मांड्यांपासून तळव्यांपर्यंतचा गाळ धुऊन काढला. तो बिननावाचा, लोण्यासारखा मऊ गाळ गटारात वाहून गेला आणि आप्पांनी बरणी आण म्हटलं नाही. त्यांची नजर आक्कांच्या डोक्यावर होती. पाय कोरडे करून झाल्यावर आक्का उठल्या, जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, शिकलेलं माणूस न्हवं तू?" एवढंच. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सळ्या आल्या, चार दिवसांत स्लॅब झाला. आता त्यावर बायका वाळवण घालतात. आठ-पंधरा दिवसांनी धीर करून मी आप्पांना विचारलं, दगडावर काय होतं. ते माग चालवत होते. "आक्षरं हुती," ते म्हणाले. "पयल्याला काना हुता. दुसरं चाचपत हुतो, तेवढ्यात हिनं हाक मारली." मी म्हटलं, "काना होता म्हणजे 'गा' असेल. पुढं 'ळ' असणार, आप्पा!" मी, ज्यानं रोज बसथांब्यावर घड्याळ बघितलं, तो मीच उतावीळ झालो होतो. आप्पांनी तुटलेलं सूत उचललं, तीच इवलीशी गाठ मारली, माग पुन्हा सुरू केला. "आसंल," म्हणाले. "नसंलबी."

आता ते बसथांब्यावर येतात, पण गाळाचं विचारत नाहीत. माझ्या पोरांच्या अभ्यासाचं विचारतात, आणि मला करमत नाही. आक्का त्या दुपारपासून पुन्हा अहो म्हणतात. नाव त्यांनी त्यानंतर कधी घेतलं नाही, त्या दिवसाचा विषयसुद्धा त्या काढू देत नाहीत. आप्पांना मात्र अलीकडं कमी ऐकू येतं असं गल्लीत सगळ्यांना वाटतं. मला समोरून सगळं दिसतं, म्हणून मला माहीत आहे, तसं काही नाही. माझी कुजबुजसुद्धा त्यांना रस्त्यापलीकडून ऐकू जाते. पण तिन्हीसांजेला माग बंद असतो, आप्पा सोप्यात बसलेले असतात, आणि आतून आक्का जेवायला हाक मारतात, "अहो!" आप्पा हलत नाहीत. पुन्हा हाक येते, "अहो, ऐकलं का?" आप्पा दाराकडं तोंड करून, मान जराशी तिरकी करून, मुकाट्यानं वाट बघत बसतात. आतून भांड्यांचा आवाज येतो. मग तिसऱ्यांदा हाक येते. तीही अहोच असते. तेव्हा कुठं आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि "आलो गं" म्हणत आत जातात.